नॅरोबोटीसाठी डीप सायकल बॅटरी निवडताना: आधी चार्जिंगचा हिशेब, मग खरेदी

इंग्लंडमध्ये नॅरोबोट (कालव्यांवर चालणारी अरुंद, लांबट बोट) घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न बॅटऱ्यांचा असतो, आणि तो बहुतेक वेळा ‘किती एएचची घेऊ?’ असाच येतो. एएच म्हणजे अँपियर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप. आमची बोट घेतली तेव्हा मीही हाच प्रश्न घेऊन दुकानात गेले होते. दुकानदाराने ११० एएचच्या चार बॅटऱ्या सुचवल्या, मी त्या ऑक्टोबरमध्ये बसवून घेतल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये रात्री नऊनंतर दिवे मंद व्हायला लागले. एकेक बॅटरी सुटी करून, पूर्ण चार्ज करून, तिला साडेपाच अँपियरचा भार लावून मी घड्याळ पाहत बसले. कागदोपत्री अशी बॅटरी २० तास चालायला हवी. आमची पहिली बॅटरी सहा तासांत १०.५ व्होल्टवर आली, म्हणजे रिकामी झाली, आणि बाकीच्या तिघींची अवस्था फारशी वेगळी नव्हती.

बॅटऱ्या सदोष नव्हत्या. आम्ही त्या संपूर्ण हिवाळ्यात एकदाही पूर्ण चार्ज केल्या नव्हत्या. शिसे-आम्ल बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, ते पुन्हा विरघळत नाहीत आणि तेवढी क्षमता कायमची जाते. म्हणून या लेखात क्षमतेच्या आधी चार्जिंगचा विचार आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या १२ व्होल्टच्या, कालव्यावरच्या नॅरोबोटीला धरून लिहिल्या आहेत.

सुरुवातीला हाताशी ठेवा

साधनांमध्ये एक डिजिटल मल्टिमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, उघड्या झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी), १० आणि १३ मिलिमीटरचे पाने, इन्सुलेशन टेप, रबरी हातमोजे, डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा आणि एक वही हवी. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो याची खात्री करा, कारण स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी मोजतात.

कागदपत्रांमध्ये बोट सेफ्टी सर्टिफिकेट, विम्याची पॉलिसी, इंजिनाचे पुस्तक, अल्टरनेटरवरच्या (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावरच्या) पट्टीचा फोटो आणि असेल तर बोटीच्या वायरिंगचा नकाशा जवळ ठेवा. जुन्या मालकाकडून बॅटऱ्यांचे बिल अवश्य मागून घ्या. बॅटरीचे खरे वय त्यावरूनच समजते.

१. बोटीवरच्या दोन प्रकारच्या बॅटऱ्या ओळखा

इंजिनखोलीत साधारणपणे एक बॅटरी एकटी असते आणि दोन ते चार बॅटऱ्या एकत्र जोडलेल्या असतात. एकटी असते ती स्टार्टर बॅटरी. तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात, त्यामुळे ती काही सेकंदांसाठी शेकडो अँपियर देऊ शकते, पण तिला खोलवर उतरवले की ती लवकर मरते. एकत्र जोडलेला गट घरगुती वापराचा असतो, म्हणजे दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर त्यावर चालतात. या गटात जाड प्लेटांची, सावकाश उतरणारी आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी डीप सायकल बॅटरी लागते. इथल्या दुकानांत तिला ‘लेझर बॅटरी’ म्हणतात. लेझर हा इथे फुरसत या अर्थाचा शब्द आहे. ती कॅरॅव्हॅनवाल्यांसाठी विकली जाते, म्हणून तिला हे नाव पडले.

महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना डीप सायकल बॅटरी नवी नाही. घरातल्या इन्व्हर्टरखालची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी याच जातीची. आमच्या घरी बाबा दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत आणि तरंगणारे लाल निशाण वर आलेले पाहूनच झाकण लावत. ती बॅटरी वर्षानुवर्षे चालली, याचे मोठे कारण असे की वीज परत आली की ती दहा-बारा तास निवांत चार्ज होत राही. बोटीवर नेमकी हीच सोय नसते. मरीनामध्ये किनाऱ्यावरच्या विजेची जोडणी घेतली तर गोष्ट वेगळी, पण ठरलेला नांगरतळ न घेता फिरत राहणाऱ्या बोटींना, म्हणजे जास्तीत जास्त १४ दिवसांनी जागा बदलावी लागणाऱ्या आमच्यासारख्यांना, प्रत्येक अँपियर स्वतःच तयार करावा लागतो.

२. दिवसाचा खर्च लिहून काढा

उपकरणाच्या पट्टीवरचे वॅट घ्या, त्यांना १२ ने भागा म्हणजे अँपियर मिळतात, आणि ते दिवसभरात किती तास चालते त्याने गुणा. आमच्या वहीतील हिवाळ्याच्या एका दिवसाचा हिशेब असा होता.

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, ४५ वॅट, निम्मा वेळ चालू: ४५ एएच
एलईडी दिवे, ३ वॅटचे सहा, पाच तास: ७.५ एएच
पाण्याचा पंप, ५ अँपियर, २० मिनिटे: १.७ एएच
लॅपटॉप, ६० वॅट, चार तास, इन्व्हर्टरमधील घट धरून: २३ एएच
राउटर दिवसभर आणि दोन फोन: १९ एएच
डिझेल हीटर, चालताना सुमारे ३ अँपियर, पाच तास: १५ एएच
मिक्सर, ७५० वॅट, दोन मिनिटे: २.५ एएच
इन्व्हर्टर नुसता चालू ठेवल्याचा खर्च, सहा तास: ५ एएच

एकूण सुमारे ११९ एएच, म्हणजे १२० धरा.

या यादीत दोन गोष्टी नवख्यांना चकवतात. मिक्सरची सर्वांना भीती वाटते, कारण चटणी वाटताना इन्व्हर्टर ७० अँपियरपर्यंत ओढतो आणि मीटरवरचा आकडा पाहून छाती दडपते, पण दोन मिनिटांत तो संपतो. उलट राउटर कोणाच्या लक्षात येत नाही आणि तो चोवीस तासांत मिक्सरच्या सहापट वीज खातो. भारतातून आणलेला मिक्सर इथे २३० व्होल्टवर चालतो, मात्र त्यासाठी शुद्ध साइन वेव्ह देणारा इन्व्हर्टर घ्या. सुधारित साइन वेव्हवर मोटर गुरगुरते आणि तापते.

विजेची किटली, टोस्टर, हेअर ड्रायर आणि इंडक्शन शेगडी यांना मात्र या हिशेबात जागा देऊ नका. २००० वॅटची किटली बॅटरीकडून १८० अँपियरच्या आसपास ओढते. चहा गॅसवर होतो, कुकरही गॅसवर लागतो.

३. ही वीज परत कुठून येणार, ते मोजा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मी ती गाळली होती.

शिसे-आम्ल बॅटरी तीन टप्प्यांत चार्ज होते. पहिल्या टप्प्यात ती मिळेल तेवढा करंट घेते. व्होल्टेज १४.४च्या आसपास पोचले की दुसरा टप्पा लागतो आणि करंट आपोआप कमी कमी होत जातो. शेवटी १३.५ ते १३.८ व्होल्टवर ती नुसती टिकवून धरली जाते. दुसरा टप्पा लांबलचक असतो, कारण शेवटचे वीस टक्के भरायला चार तास किंवा त्याहून अधिक लागतात आणि अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी त्यात फरक पडत नाही. बॅटरीच करंट घेत नाही.

बॅटऱ्या गेल्यानंतर मी नवा संच बसवला आणि नोव्हेंबरमधल्या एका दिवशी, बोट बर्कहॅमस्टेडजवळ उभी असताना, केबलभोवती क्लॅम्प मीटर लावून दर तासाला आकडा लिहिला. अल्टरनेटर ७० अँपियरचा होता. सकाळी ९ वाजता ५२ अँपियर, १० वाजता ३८, ११ वाजता २४, दुपारी १२ वाजता १५, १ वाजता १०, २ वाजता ७. पाच तास डिझेल जाळून बॅटरीत सुमारे ११७ एएच गेले, त्यातले ७५हून अधिक पहिल्या दोन तासांतच. त्या संचासाठी पूर्ण चार्जची खूण म्हणजे करंट क्षमतेच्या एक ते दोन टक्क्यांवर येऊन तिथेच स्थिरावणे, आणि दुपारी दोनलाही आम्ही त्या खुणेपाशी नुकतेच पोचत होतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही रोज दीड तास इंजिन चालवून ‘मीटरवर १४ दिसतात, झाले चार्ज’ म्हणत होतो. मीटरवरचे १४ व्होल्ट हे अल्टरनेटरचे होते, बॅटरीचे नव्हते.

इंजिन किती वेळ चालवता येईल, यालाही मर्यादा आहे. इथले बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या नियमानुसार इतर बोटींजवळ किंवा वस्तीजवळ थांबलेले असताना रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नसतो. हिवाळ्यात नोकरीवरून सातला परतणाऱ्या माणसाकडे एक तास उरतो.

सौर पॅनेल उन्हाळ्यात मोठा आधार देतात. छतावर सपाट ठेवलेल्या ३५० वॅटच्या पॅनेलांतून आम्हाला जूनमधल्या स्वच्छ दिवशी १०० एएचच्या घरात वीज मिळते आणि शेवटच्या टप्प्यातला तो कंटाळवाणा कमी करंट पॅनेल फुकट पुरवतात. डिसेंबरमध्ये हीच पॅनेल दिवसाला जेमतेम १० एएच देतात. उन्हाळ्यात बोट घेऊन ‘सोलर पुरते’ असे ठरवणाऱ्यांनी हा आकडा वहीत लाल शाईने लिहून ठेवावा.

आता एका बाजूला रोजचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला रोजची खरी आवक मांडा. शिसे-आम्ल बॅटरी घेणार असाल तर आवक खर्चापेक्षा १५ ते २० टक्के जास्त हवी, कारण तेवढी वीज चार्ज होताना वाया जाते. आवक कमी पडत असेल तर जास्त बॅटऱ्या घेऊन प्रश्न सुटत नाही. त्याने फक्त बॅटऱ्या मरायला थोडा अधिक वेळ लागतो आणि बिल मोठे होते.

४. प्रकार निवडा

साधी, पाणी घालायची शिसे-आम्ल बॅटरी सर्वांत स्वस्त असते आणि चुका बऱ्यापैकी सोसते. हायड्रोमीटरने तिच्या प्रत्येक सेलची तब्येत तपासता येते, ही सोय दुसऱ्या कोणत्याही प्रकारात नाही. पूर्ण चार्ज सेलमध्ये घनता १.२७च्या आसपास येते, आणि एकच सेल इतरांपेक्षा बरीच खाली असेल तर ती बॅटरी जाण्याच्या वाटेवर आहे. या गटातील चांगला पर्याय म्हणजे गोल्फ कार्टसाठी बनलेल्या ६ व्होल्टच्या बॅटऱ्या, उदाहरणार्थ ट्रोजन टी-१०५. ती २२५ एएचची आणि सुमारे २८ किलो वजनाची असते. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की १२ व्होल्ट २२५ एएच मिळतात. निम्म्यापर्यंत उतरवून चार्ज करण्याची हजारांहून अधिक आवर्तने ती सोसते, तर साध्या लेझर बॅटरीच्या पत्रकात हा आकडा बहुधा काही शेच असतो.

एजीएम बॅटरी, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी शिसे-आम्ल बॅटरी, सीलबंद असते, पाणी घालावे लागत नाही, आणि ती सुरुवातीला जास्त करंट घेते. पण अर्धवट चार्ज अवस्था तिलाही साध्या बॅटरीइतकीच मारते, आणि पाणी घालून दुरुस्तीची वाट तिला नसते. जेल बॅटरी (हिच्यात आम्ल जेलीसारखे घट्ट असते) घ्यायची असेल तर चार्जरवर जेलची वेगळी सेटिंग आहे का ते पाहा. जास्त व्होल्टेजने तिच्यात बुडबुडे धरतात आणि ते निघत नाहीत.

लिथियमबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण हल्ली सर्वांची नजर तिकडे आहे. बोटीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हाच प्रकार पाहावा. तो मोबाइल आणि बऱ्याच ई-सायकलींमध्ये असणाऱ्या लिथियमपेक्षा उष्णतेला अधिक स्थिर असतो. या बॅटरीचे ८० टक्के सहज वापरता येतात, हजारो आवर्तने मिळतात आणि १०० एएचचे वजन १२ किलोच्या आसपास असते. पण बोटीवर राहणाऱ्यांसाठी तिचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे: ती अर्धवट चार्ज राहिली तरी तिचे काही बिघडत नाही, आणि जवळपास भरेपर्यंत पूर्ण करंट घेत राहते. माझे नोव्हेंबरमधले पाच तास तिच्याबरोबर अडीच तासांवर आले असते.

याच गुणातून तिचे दोन धोके निघतात. पहिला अल्टरनेटरचा. शिसे-आम्ल बॅटरी थोड्या वेळाने करंट कमी करून अल्टरनेटरला विसावा देते. लिथियम तो देत नाही, आणि इंजिन संथ गतीवर असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असल्यामुळे तो जळू शकतो. शिवाय बॅटरीच्या आतील संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, चालत्या इंजिनावर अचानक जोडणी तोडली तर व्होल्टेजच्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड जातात. म्हणून स्टार्टर बॅटरी शिसे-आम्लच ठेवून, तिच्यापासून लिथियमकडे ३० किंवा ५० अँपियरचा डीसी ते डीसी चार्जर बसवावा, म्हणजे अल्टरनेटरकडून ओढल्या जाणाऱ्या करंटवर मर्यादा राहते. दुसरा धोका थंडीचा. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते. चांगला बीएमएस अशा वेळी चार्जिंग थांबवतो, तेव्हा खरेदीपूर्वी ही सोय आहे का ते लेखी विचारा आणि शक्य असेल तर बॅटरी इंजिनखोलीऐवजी केबिनच्या आत, गरम भागात ठेवा. लिथियम बसवण्याआधी विमा कंपनीलाही लेखी कळवा.

माझा सल्ला स्पष्ट आहे. मरीनामध्ये किनाऱ्याची वीज मिळणाऱ्यांनी किंवा फक्त उन्हाळ्यात शनिवार-रविवार बोटीवर जाणाऱ्यांनी साधी, चांगल्या प्रतीची शिसे-आम्ल बॅटरी घ्यावी. वर्षभर फिरतीवर राहणाऱ्यांनी, पैसे जमत असतील तर, डीसी ते डीसी चार्जरसह लिथियम घ्यावी. पहिले वर्ष असेल तर मात्र स्वस्त शिसे-आम्ल घेऊन स्वतःचा खर्च आणि सवयी आधी मोजाव्यात, कारण लिथियमचा पहिला संच चुकीच्या मापाचा निघाला तर तो तोटा फार मोठा असतो.

५. क्षमता ठरवा

शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, हा नियम धरा. रोजचा खर्च १२० एएच आणि रोज चार्जिंग होणार असेल तर किमान २४० एएच लागतात. जुनेपणाने होणारी घट आणि थंडी यांसाठी आणखी पाव भाग घालून ३०० एएच धरा. शून्य अंशाजवळ शिसे-आम्ल बॅटरी आपल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपासच देते, आणि पोलादी बोटीच्या तळाशी ठेवलेली बॅटरी कालव्याच्या पाण्याइतकीच गार असते. लिथियमसाठी हाच हिशेब १५० ते २०० एएचवर थांबतो.

क्षमता वाढवताना एक कमाल मर्यादाही पाळा. तुमची खरी आवक जेवढी बॅटरी आठवड्यातून निदान एकदा पूर्ण भरू शकते, त्याहून मोठा शिसे-आम्ल संच घेऊ नका. आमचा ४४० एएचचा पहिला संच याच कारणाने गेला.

६. लेबल वाचायला शिका

एएचच्या आकड्याशेजारी सी२० लिहिलेले आहे का ते पाहा. त्याचा अर्थ ती क्षमता २० तासांत सावकाश उतरवून मोजली आहे. सी१०० लिहिले असेल तर मोजणी १०० तासांत झाली आहे आणि तोच डबा कागदावर मोठा दिसतो. दोन बॅटऱ्यांची तुलना एकाच मोजणीवर करा. वेगाने उतरवलेली शिसे-आम्ल बॅटरी कमी वीज देते, म्हणून ५ अँपियरने २० तास चालणारी १०० एएचची बॅटरी ५० अँपियरने दोन तास चालत नाही.

लेबलवर सीसीए किंवा एमसीए हा इंजिन सुरू करण्याची ताकद सांगणारा आकडा ठळक आणि आवर्तनांचा आकडा कुठेच नाही, असे असेल तर ती बहुधा लेझरचे स्टिकर लावलेली स्टार्टर बॅटरी आहे. ‘दुहेरी वापराची’ या शब्दांपासूनही सावध राहा. शंका आली तर वजन विचारा. शिशाला पर्याय नाही, आणि ११० एएचची साधी शिसे-आम्ल बॅटरी २५ किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच क्षमतेचा दावा करणारी १९-२० किलोची असेल तर शिसे कुठे गेले, हा प्रश्न दुकानदाराला विचारा. नॅशनल कॅरॅव्हॅन कौन्सिलची पडताळणी योजना आहे, तिच्या यादीत बॅटऱ्या तपासून ए, बी, सी अशा गटांत मांडलेल्या असतात. विजेच्या जोडणीपासून दूर राहणाऱ्यांसाठी ए गट असतो.

दुकानातच मल्टिमीटर लावा. नवी बॅटरी १२.६ व्होल्टच्या खाली असेल तर ती बराच काळ पडून आहे, घेऊ नका. वॉरंटीची बारीक अक्षरे तिथेच वाचा, कारण अनेक वॉरंटी कायम वास्तव्याच्या बोटीला लागू होत नाहीत.

७. जागा, वारा आणि बांधणी

दर चार वर्षांनी बोट सेफ्टी स्कीमचा परीक्षक येतो आणि बॅटऱ्या हलणार नाहीत अशा बांधल्या आहेत का, टोके झाकली आहेत का, वारा खेळतो का आणि तोडस्विच सहज हाती लागतो का, हे पाहतो. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू हलका असल्यामुळे झरोका वरच्या बाजूला हवा. बॅटरीखाली आम्लाला न दाद देणारा प्लास्टिकचा ट्रे ठेवा आणि आम्ल सांडलेच तर त्यावर टाकायला खायचा सोडा जवळ ठेवा.

८. जोडणी

हातातल्या बांगड्या, अंगठी आणि घड्याळ आधी काढा. पान्याच्या दांड्याला, फक्त तोंड उघडे ठेवून, इन्सुलेशन टेप गुंडाळा. पाना दोन टोकांवर आडवा पडला तर तो क्षणात लाल होऊन चिकटतो. काढताना निगेटिव्ह आधी सोडा, लावताना निगेटिव्ह शेवटी लावा.

बॅटऱ्या समांतर जोडताना पॉझिटिव्हची मुख्य केबल पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्हची शेवटच्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही केबली पहिल्याच बॅटरीवरून घेतल्या तर तिच्यावर सर्वांत जास्त काम पडते, टोकाची बॅटरी अर्धवट चार्ज राहते आणि संच असमान म्हातारा होतो. नव्या आणि जुन्या, किंवा वेगवेगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या कधीही एकत्र जोडू नका. मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. लिथियमचा शॉर्ट सर्किटमधील करंट प्रचंड असतो, म्हणून तिथे एवढा करंटही सुरक्षित तोडू शकणारा क्लास टी फ्यूज लावतात. १००० वॅटचा इन्व्हर्टर बॅटरीकडून १०० अँपियरच्या आसपास ओढतो, त्याला बारीक केबल लावली तर ती गरम होते आणि इन्व्हर्टर कमी व्होल्टेजची ओरड करत बंद पडतो. केबलच्या टोकांवरच्या धातूच्या लगांचे क्रिंपिंग (दाबून घट्ट बसवणे) हायड्रॉलिक पकडीने करून घ्या, हातोड्याने ठोकलेला लग काही महिन्यांत ढिला होतो. या कामाची सवय नसेल तर मरीन इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तो काम करत असताना शेजारी बसून पाहा.

९. पहिला महिना मोजत राहा

बॅटरी मॉनिटर हा बॅटऱ्यांच्या नव्या संचापेक्षा स्वस्त असतो आणि संचाचे आयुष्य वाचवतो. निगेटिव्ह केबलमध्ये शंट (करंट मोजण्यासाठीचा धातूचा ठोकळा) बसवून आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपियर मोजणारा मॉनिटर घ्या, आणि बोटीवरचा एकही निगेटिव्ह शंटला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला नाही हे तपासा. मॉनिटरमध्ये बॅटरीची खरी क्षमता भरा. तो दाखवतो तो टक्का हा हिशेब असतो, आणि बॅटरी पूर्ण भरल्याची चुकीची नोंद झाली की पुढचे सगळे टक्के चुकत जातात.

मॉनिटर येईपर्यंत मल्टिमीटर वापरा. रात्रभर भार आणि चार्जिंग दोन्ही बंद ठेवून सकाळी सूर्य पॅनेलवर येण्याआधी मोजा. शिसे-आम्ल बॅटरीत १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जवळपास चतुर्थांश. चार्जिंग नुकतेच थांबले असेल किंवा फ्रिज चालू असेल तर हे आकडे फसवतात. लिथियममध्ये व्होल्टेज बहुतेक वेळ १३.२च्या आसपास सपाट राहते, त्यामुळे तिथे शंटशिवाय गत्यंतर नाही.

शिसे-आम्ल संच आठवड्यातून एकदा पूर्ण भरा, म्हणजे करंट एक-दोन टक्क्यांवर येऊन तासभर तिथेच थांबेपर्यंत. त्या दिवशी आम्ही लांबचा प्रवास ठेवतो. हिवाळ्यात लॉकांची (बोट वरच्या-खालच्या पाण्यात नेणाऱ्या दरवाज्यांच्या कप्प्यांची) दुरुस्ती निघते आणि वाट बंद होते, तेव्हा दुरुस्तीचे वेळापत्रक आधी पाहून घ्या, नाहीतर आठ दिवस एकाच जागी इंजिन घुमवत बसावे लागते. पाणी घालायच्या बॅटरीत महिन्यातून एकदा पातळी पाहा आणि चार्ज झाल्यावरच डिस्टिल्ड वॉटर घाला. आधी घातले तर चार्ज होताना आम्ल वर येऊन बाहेर सांडते. नळाचे पाणी घालू नका, इथल्या दक्षिण भागातले पाणी चुन्याने जड असते.

निकामी झालेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या टोपणे लावून, उभ्या ठेवून भंगारवाल्याकडे न्या. शिशाचे पैसे येतात. आमच्या चार बॅटऱ्या शंभर किलोच्या आसपास भरल्या आणि त्या पैशांतून क्लॅम्प मीटर आला.